लग्नासाठी घेतलेलं कर्ज आणि जन्मभराची वेठ: डहाणू-तलासरीत मजुरीचा दर ठरवायला लावणाऱ्या गोदूताई परुळेकर

धाकटी डहाणूच्या बंदरात बोटीवर खलाशी ठेवायचा असो की डहाणूतल्या चिकूच्या वाडीत मजूर लावायचे असोत, आज आधी बोलणं होतं ते दराचं. रोज किती, उचल किती, पैसे कधी. पण 80 वर्षांपूर्वी याच पट्ट्यात, किनाऱ्यापासून आत गेलं की दर विचारायची सोयच नव्हती.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. जमिनी सावकार-जमीनदारांकडे आणि राबणारे बहुतेक वारली. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले की ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं, आणि ते कधी फिटायचेच नाहीत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. याशिवाय फुकटची वेठ होती, आणि नाही म्हटलं तर मार.

ही पद्धत मोडायला पुढे आल्या गोदावरी परुळेकर. 1907 साली पुण्यात जन्म, वडील नामांकित वकील, स्वतः कायद्याच्या पदवीधर. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम करताना त्यांनी मुंबईतल्या घरकामगारांना संघटित केलं होतं. 1939 मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षाचं काम करू लागले.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे काही वारलीही आले होते. त्यांच्याकडून वेठबिगारीची हकीकत कळली आणि गोदूताई त्यांच्या पाड्यांवर जाऊन राहू लागल्या.

23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे 5,000 वारली जमले. तिथे साध्या गोष्टी ठरल्या: वेठ करायची नाही, दिवसाला रोख 12 आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतात काम करायचं नाही, आणि एकजूट सोडायची नाही.

खरी परीक्षा झाली ऑक्टोबरमध्ये. गवत कापणीचा हंगाम सुरू होत होता. 500 पौंड गवताला अडीच रुपये, अशी मागणी ठेवून वारली संपावर गेले. 10 ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. गोदूताईंना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं, तरी संप मोडला नाही. गवत उभं राहिलं तर नुकसान मालकाचंच होतं. शेवटी मागितलेला दर मान्य झाला. पुढच्या वर्षी जंगलातल्या मजुरीसाठीही संप झाला.

हा सगळा अनुभव त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 8 ऑक्टोबर 1996 ला त्यांचं निधन झालं.

झरीत जे लढून मिळवावं लागलं, ते पुढे कायद्यात आलं. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्ये झाला, वेठबिगारी बंदीचा 1976 मध्ये. माणसं दोन असोत की वीस, छोट्या मालकालाही किमान वेतन आणि वेठबिगारी बंदी यांतून सुटका नाही. उचल देणं हा गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत माणसाला कामावरून हलू द्यायचं नाही, किंवा त्याची मजुरी बुडवायची, हे केलं की तीच उचल वेठबिगारी ठरते. लग्नगड्याची गोष्टही अशीच एका उचलीपासून सुरू व्हायची.