टेडी रूझवेल्ट यांचा दमा : पंप नव्हता तेव्हा आई-वडील काय करायचे?

टेडी बेअर हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे २६वे राष्ट्राध्यक्ष. फोटोत एकदम दणकट दिसतात ना? पण लहानपणी हाच मुलगा रात्र रात्र उशांना टेकून बसायचा, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा.

२७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. अगदी लहान वयातच दमा सुरू झाला. घरात पैसा होता, डॉक्टर होते. नव्हतं ते नेमकं औषध.

वडिलांसमोर कोणते पर्याय होते?

- कडक काळी कॉफी : कॅफिनमुळे श्वासनलिका थोड्या सैल होतात, म्हणून जरा आराम पडायचा.
- इपिकॅक : उलटी करवणारं औषध. मूल आणखी थकायचं.
- सिगार : हो, लहान मुलाला! तेव्हा हा उपचार समजला जायचा. धुराने दमा बळावतो हे आज आपल्याला माहीत आहे.
- घोडागाडीची फेरी : वडील त्याला रात्री मोकळ्या हवेत फिरवून आणायचे.
- हवापालट : १८६९-७० मध्ये सगळं कुटुंब वर्षभर युरोपात फिरलं. दमाही सोबत फिरला.

खरी गोची इथे होती. दम्याचा झटका कधी कधी आपोआपही ओसरतो. मग त्या रात्री जे दिलं असेल, त्यालाच श्रेय मिळायचं. नेमकं कशाने बरं वाटलं, हे कळणार कसं?

व्यायामाने दमा गेला का?

साधारण १२व्या वर्षी वडिलांनी त्यांना शरीर कमवायला सांगितलं. आधी जिम, मग घरातच व्यायामाची साधनं आली. पुढे हार्वर्डमध्ये बॉक्सिंग, १८८१ मध्ये मॅटरहॉर्न शिखर आणि १९०१ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, राष्ट्राध्यक्षपद. ६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचं निधन झालं.

यावरून जिद्दीने दमा हरवल्याची गोष्ट सांगितली जाते. पण ती अर्धीच आहे. व्यायामाने ताकद नक्की वाढली, पण झटके मोठेपणीही अधूनमधून आलेच. शिवाय अनेक मुलांचा दमा वाढत्या वयात आपोआपच कमी होतो.

आज काय बदललंय?

ठरावीक डोस फवारणारा पंप, म्हणजे मीटर्ड डोस इन्हेलर, १९५६ मध्ये अमेरिकेत आला. १९७२ मध्ये श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड आलं. आता दोन कामं वेगळी झाली आहेत : एक औषध धाप लागल्यावर नळ्या मोकळ्या करतं, दुसरं रोज घेतल्याने आतली सूज कमी ठेवतं. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा खूपच कमी मात्रा पुरते. लहान मुलांना स्पेसर लावला की फवारा वाया जात नाही.

'पंपाची सवय लागते' या भीतीने तो बंद करून नुसता व्यायाम किंवा काढा देणं धोक्याचं आहे. बरं वाटलं तरी रोजचं औषध डॉक्टरांना विचारूनच कमी करायचं. खेळायचंय? जरूर खेळा, पण पंप खिशात ठेवून. रूझवेल्ट यांच्या वडिलांना हा पर्याय मिळाला असता, तर त्यांनी मुलाच्या हातात सिगार दिली नसती.