नापास विद्यार्थ्याची नक्षी
(द्वितीय वर्ष, कला)

पाचवीत असताना मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले होते. बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्यांचे प्रश्न असतात, ते सर्वांना आठवत असतील. एक आकृती दिलेली, शेजारी चार पर्याय. आरशात पाहिल्यास आकृती कशी दिसेल ते ओळखायचे. मी दरवेळी मनातल्या मनात आकृती गर्रकन फिरवायची आणि ती फिरवलेली आकृती निवडून मोकळी व्हायची. निकाल काय लागला हे सांगायला नकोच.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फरशी बसवण्याचे काम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. निकालाच्या दिवशी त्यांनी नक्षीची एक फुटकी लादी आणून माझ्यापुढे ठेवली. जुन्या वाड्यांतून सिमेंटच्या रंगीत लाद्या असतात ना, त्यातली होती. ती त्यांनी चारही बाजूंनी फिरवून दाखवली आणि मग पालथी घातली. पालथ्या बाजूला नक्षी कुठली असणार! लादी फिरवता येते, पण पालथी घालून बसवता येत नाही. आरशातली लादी हवी असेल तर कारखान्यातून दुसऱ्या साच्याची आणावी लागते, एवढेच ते म्हणाले. फिरवणे वेगळे आणि उलटवणे वेगळे, हे मला तेव्हा कळले. परीक्षा मात्र होऊन गेली होती.

हे सारे मी विसरून गेले होते. गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला आकृती आणि पार्श्वभूमी हा भाग शिकवताना बाईंनी एक चित्र दाखवले. उजवीकडे उडणारे पांढरे पक्षी, डावीकडे उडणारे काळे पक्षी, आणि दोघांच्या मध्ये रिकामी जागा म्हणून नाहीच. एकाच्या पंखाची कड तीच दुसऱ्याच्या पोटाची कड. खाली डावीकडे दिवसाचे गाव, उजवीकडे तेच गाव रात्रीचे, जणू आरशात पाहावे तसे. हे चित्र आरशात धरले आणि काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे केले, तर पुन्हा जवळजवळ तेच चित्र मिळते. चित्राचे नाव ‘दिवस आणि रात्र’, साल 1938, आणि चित्रकार मॉरिट्स कॉर्नेलिस एशर. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागले.

एशर यांचा जन्म 17 जून 1898 रोजी हॉलंडमधील लेउवार्डन या गावी झाला. वडील जॉर्ज एशर हे स्थापत्य अभियंता. तरुणपणी त्यांनी काही वर्षे जपानमध्ये नोकरी केली होती. 1903 मध्ये कुटुंब आर्नहेमला राहायला गेले. घरात धाकट्या मुलाला माउक म्हणत. माउक प्रकृतीने नाजूक होता आणि शाळा त्याला मुळीच मानवली नाही. चित्रकलेचा तास सोडला तर शाळेचा प्रत्येक दिवस त्याला जड जाई. शालान्त परीक्षेत तर तो चक्क नापास झाला. पुढे ज्यांच्या चित्रांवर गणितज्ञांनी निबंध लिहिले, तो मुलगा शाळेत गणितातही कच्चाच होता!

येथे मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे. थोरांच्या चरित्रांत ते शाळेत नापास झाल्याचे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, आणि ते वाचून आपल्यासारख्यांना बरे वाटते. माझा थोरला भाऊही दहावीत नापास झाला. दुसऱ्या दिवशी तो आबांच्या हाताखाली सिमेंट कालवायला गेला, तो अजून जातो आहे. माउक नापास झाला तेव्हा त्याचे वडील घरचे खाऊन-पिऊन सुखी होते. मुलाला पुढच्या शाळेत घालण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती, आणि मुलगा पन्नाशीला येईपर्यंत त्याच्या संसाराला घरच्या पैशाचा आधार राहिला. हे लिहिले नाही तर एशर यांचे चरित्र खोटे होईल. असो.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे वास्तुशास्त्र शिकण्यासाठी एशर 1919 मध्ये हार्लेमच्या कलाशाळेत दाखल झाले. तेथे सॅम्युअल येसुरुन दे मेस्किटा नावाचे मुद्राचित्रणाचे शिक्षक होते. त्यांनी या विद्यार्थ्याची चित्रे पाहिली आणि वास्तुशास्त्र सोडून लाकडावर कोरून छापण्याची कला शिकावी असा सल्ला दिला. एशर यांनी तो मानला. 1922 मध्ये शाळा सोडून ते इटली व स्पेनच्या प्रवासाला निघाले. स्पेनमध्ये ग्रानाडा येथील अलहंब्रा हा मुस्लिम राजांचा प्राचीन महाल त्यांनी याच वर्षी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या भिंतींवर रंगीत फरशांची नक्षी आहे. एकच आकार पुन्हा पुन्हा येतो आणि भिंत फट न राहता भरून जाते. एशर थक्क झाले, पण त्या वेळी त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही.

1924 मध्ये त्यांनी येट्टा उमिकर हिच्याशी विवाह केला आणि रोममध्ये बिऱ्हाड थाटले. पुढची दहा-अकरा वर्षे इटलीची डोंगराळ गावे आणि समुद्रकिनारे चितारण्यात गेली. हा काळ त्यांना फार सुखाचा गेला. पण मुसोलिनीच्या राजवटीत त्यांच्या थोरल्या मुलाला शाळेत फॅसिस्ट बालवीरांचा गणवेश घालणे भाग पडू लागले, तेव्हा 1935 मध्ये त्यांनी इटली सोडली. स्वित्झर्लंडच्या बर्फात त्यांचे मन रमेना. मग त्यांनी एका जहाज कंपनीला पत्र लिहून कळवले की, मला व माझ्या पत्नीला भूमध्य समुद्रातून प्रवास करू द्या, भाड्याऐवजी मी चित्रे देतो. आश्चर्य म्हणजे कंपनीने ते कबूल केले! या प्रवासात, 1936 साली, एशर दुसऱ्यांदा अलहंब्राला गेले. या वेळी पतिपत्नी दोघांनी दिवसचे दिवस बसून भिंतींवरच्या नक्ष्या उतरवून घेतल्या.

येथून त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. एशर यांना एकच रुखरुख होती. अलहंब्राच्या कारागिरांनी भिंतींवर नुसते भौमितिक आकार जोडले होते, त्यांत जिवंत प्राणी नव्हते. एशर यांना मासे, पक्षी, सरडे हवे होते. सरड्याला सरडा असा बसला पाहिजे की मध्ये तसूभर जागा उरता कामा नये. सांगायला सोपे, ज्याने कधी लादी कापून कोपऱ्यात बसवली असेल त्याला यातली अडचण कळेल.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपली अशी काही चित्रे सावत्र बंधू बेरेंड यांना दाखवली. बेरेंड हे लायडन विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक होते. स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हेच करतात, असे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी काही शोधनिबंधांची यादी भावाला दिली. त्यात पोल्या या हंगेरियन गणितज्ञाचा 1924 सालचा एक जर्मन निबंध होता. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना अखंड पसरणाऱ्या नक्ष्यांचे, त्यांच्या सममितीनुसार, फक्त 17 प्रकार होतात. अठरावा प्रकार असूच शकत नाही. हे रशियातील फेदोरोव्ह यांनी 1891 मध्येच सिद्ध केले होते. पोल्या यांनी प्रत्येक प्रकाराची एकेक आकृती काढून दाखवली होती.

हे प्रकार ठरवायचे कसे? नक्षी कशाची आहे, फुलाची की माशाची, याला येथे काहीच महत्त्व नाही. नक्षीवर कोणती क्रिया केली असता ती जशीच्या तशी राहते, एवढेच पाहायचे. सरकवली तर? अर्धा फेरा फिरवली तर? पाव फेरा? आरशात धरली तर? सरकवून लगेच उलटवली तर, म्हणजे ओल्या वाळूत डाव्या-उजव्या पावलांचे ठसे उमटतात तशी? ज्या नक्ष्या या सर्व प्रश्नांना सारखीच उत्तरे देतात त्या एका कुळातल्या. शिष्यवृत्तीच्या पेपरातला माझा जो प्रश्न चुकला, तोच हा, फक्त मोठा झालेला.

एशर यांना त्या निबंधातील गणित समजले नाही. पण त्यांनी सतराच्या सतरा आकृत्या वहीत उतरवून घेतल्या, आणि त्यांवरून स्वतःची पद्धत शोधून काढली. 1941 मध्ये ते हॉलंडला, बार्न या गावी परतले. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. त्या दोन वर्षांत त्यांनी आपली पद्धत एका वहीत लिहून काढली. गणितज्ञ सबंध नक्षीकडे पाहतात. एशर यांनी एका तुकड्याकडे पाहिले. हा तुकडा शेजारच्या तुकड्यावर कसा जातो? सरकून, फिरून की उलटून? तुकड्याच्या मूळ चौकटीला एक अक्षर आणि शेजाऱ्याशी असलेल्या नात्याला एक रोमन आकडा, अशी ती वर्गवारी होती. त्यात रंगांचाही हिशेब होता, कारण दोन शेजारी एका रंगाचे झाले तर सरडा सरड्यातून वेगळा दिसणार नाही. आबाही असेच विचार करतात. सबंध खोलीची नक्षी त्यांच्या डोक्यात नसते. ही लादी शेजारच्या लादीला कशी लागते तेवढे ते पाहतात आणि खोली आपोआप जमते.

त्या काळातला एशर यांचा एक खेळ मला सर्वांत आवडला. ते बटाट्याचे ठसे करून मुलांबरोबर नक्ष्या छापत. एका चौरस ठशावर वेडीवाकडी आकृती असे. ठसा चार दिशांना फिरवता येतो. दोन आडवे, दोन उभे असे चार ठसे मिळून एक मोठा चौकोन छापायचा आणि तोच चौकोन पुन्हा पुन्हा छापत कागद भरायचा. प्रत्येक ठशाला चार दिशा, म्हणजे मांडण्या झाल्या 4 × 4 × 4 × 4, अर्थात 256. पण यातल्या कितीतरी मांडण्या कागद जरा सरकवला किंवा फिरवला की एकसारख्याच निघतात. मग खरोखर वेगळ्या नक्ष्या किती? एशर यांनी एकेक काढून, ताडून पाहून, हाताने मोजल्या: 23. गणिताने पडताळले तरी उत्तर 23 च येते.

हे कोडे मी घरी नेले. सरकवण्याच्या 4 आणि फिरवण्याच्या 4 रीती मिळून 16 होतात, म्हणून मी 256 ला 16 ने भागून 16 असे उत्तर काढले, ते अर्थातच चुकले. कारण काही नक्ष्या हट्टी असतात. चारही ठसे एकाच दिशेला असले तर कागद कितीही सरकवा, फरक पडत नाही; तिच्या कुळात 16 नव्हे, चारच मांडण्या येतात. चार ठसे चक्रीसारखे लावले तर ती नक्षी पाव फेरा फिरवली तरी तशीच राहते. अशांची कुळे लहान, म्हणून कुळांची संख्या वाढते.

आबांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. फिरवलेली नक्षी तीच कशी, असे त्यांचे म्हणणे. दार जिथे आहे तिथेच राहणार; दारातून येणाऱ्याला नक्षी आडवी दिसली तर मालक पैसे कापतो. खोलीत नक्षी सरकलेली चालते, फिरलेली चालत नाही. मी पुन्हा हिशेब मांडला. फक्त सरकवणेच मान्य केले तर उत्तर 76 येते! ठसे तेच, मांडण्या त्याच. सारखे कशाला म्हणायचे हे बदलले की उत्तर बदलते. हे मी कॉलेजात येऊन आबांकडून शिकले, हे येथे कबूल करते.

युद्धाच्या दिवसांतली एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एशर यांचे गुरू दे मेस्किटा हे ज्यू होते. 1944 च्या जानेवारीअखेरीस एका रात्री जर्मनांनी त्यांना, त्यांच्या पत्नीला व मुलाला धरून नेले. काही आठवड्यांनी एशर त्यांना भेटायला गेले, तेव्हा घर रिकामे होते आणि चित्रे जमिनीवर विखुरली होती. पतिपत्नींचा ऑशविट्झ येथे फेब्रुवारीतच अंत झाला होता. मुलगाही परत आला नाही. एशर यांनी सापडतील तेवढी चित्रे गोळा करून सुरक्षित ठेवली आणि युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, गुरूंचे स्मृतिप्रदर्शन भरवण्यास हातभार लावला. त्यातले एक चित्र त्यांनी स्वतःजवळ ठेवले. त्यावर जर्मन शिपायाच्या बुटाचा ठसा उमटलेला होता.

पुढची कीर्ती थोडक्यात सांगते. 1954 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरचे गणितज्ञ परिषदेसाठी जमले, तेव्हा तेथील संग्रहालयात एशर यांच्या चित्रांचे प्रदर्शन होते. त्यातून कॉक्सेटर आणि पेनरोज यांच्याशी परिचय झाला. कॉक्सेटर यांनी पाठवलेल्या एका आकृतीवरून वर्तुळाच्या कडेकडे लहान लहान होत जाणाऱ्या माशांची चित्रे निर्माण झाली. पेनरोज पितापुत्रांच्या लेखावरून कधीच न संपणारा जिना 1960 मध्ये आणि स्वतःच स्वतःला पाणी पुरवणारा धबधबा 1961 मध्ये अवतरला. 1965 मध्ये मॅकगिलाव्री या विदुषींनी त्यांच्या नक्ष्यांवर स्फटिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकच लिहिले. शाळेत नापास झालेल्या माणसाची वही पाठ्यपुस्तक झाली. कॉक्सेटर गणित समजावू लागले की आपल्याला काही कळत नाही असे एशर मोकळेपणाने सांगत, आणि परत जाऊन अचूक चित्र कोरत.

अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाल्या. 1968 मध्ये येट्टा स्वित्झर्लंडला निघून गेली. 1969 मध्ये त्यांनी ‘साप’ हे शेवटचे लाकूडचित्र कोरले. त्याच्या वर्तुळातली कडी मध्याकडेही लहान होतात आणि कडेकडेही, आणि चित्र 120 अंशांत फिरवले की कड्यांची गुंफण पुन्हा तशीच दिसते. सत्तरी ओलांडलेल्या, आजारी माणसाचा हात त्यात कुठेही कापलेला दिसत नाही. 27 मार्च 1972 रोजी एशर यांचे निधन झाले. त्यांच्या क्रमांक घातलेल्या नक्ष्या 137 आहेत.

बटाट्याचा खेळ आमच्या घरी अजून चालू आहे. दादाने ठसा स्वतः कोरला, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. कामावरून आल्यावर तो माझ्या जुन्या वहीत छापत बसतो. एकदा छापलेली नक्षी पुन्हा आली तर लगेच ओळखतो आणि खोडतो. गेल्या रविवारपर्यंत त्याच्या बावीस झाल्या होत्या. तेविसावी कोणती ते मला ठाऊक आहे, पण त्याने मला सांगू नकोस म्हणून बजावले आहे.