टोकियोत ‘कचरा युद्ध’ पुकारणारे गव्हर्नर
शहराचा बहुतांश कचरा एकट्या कोतो वॉर्डात जायचा. माशा, दुर्गंधी, ट्रकच्या रांगा. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर रियोकिची मिनोबे यांनी थेट ‘कचरा युद्ध’च जाहीर केलं.

मिनोबे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९३८ मध्ये डाव्या विचारांमुळे त्यांना अटक झाली होती. पुढे टीव्हीवर अर्थशास्त्र समजावून घराघरात पोहोचले आणि १९६७ मध्ये गव्हर्नर झाले. त्यांनी १९६९ मध्ये सत्तरीपुढच्यांचे उपचार मोफत केले. १९७३ मध्ये सरकारला ते देशभर करावं लागलं.

कचरा मात्र भारी पडला. सुगिनामीकरांना कचरा जाळायचा कारखाना आपल्या भागात नकोच होता. शेवटी १९७३ मध्ये कोतोवाल्यांनी त्यांचे ट्रकच अडवले!

१९७९ मध्ये मिनोबे पायउतार झाले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. १९८४ मध्ये ते गेले. सुगिनामीचा कारखाना तोवर सुरू झाला होता.