टी मौर : एका दगडी घराची व एका भाषांतरकाराची कथा

उत्तर वेल्समधील पेनमाखनो गावाजवळच्या एका एकाकी खोऱ्यात टी मौर नावाचे जुने दगडी घर उभे आहे. नावाचा अर्थ मोठे घर. परंतु आपण ते पाहिले तर शेतकऱ्याचे साधे घरच म्हणाल. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर, ओकच्या तुळया आणि आत भली मोठी चूल. या जागी १५४५ साली विल्यम मॉर्गन यांचा जन्म झाला. संपूर्ण पवित्र शास्त्र वेल्श भाषेत प्रथम आणले ते यांनीच.

त्यांचे वडील ग्विडिर येथील विन घराण्याचे कूळ होते. कुळाचा हा मुलगा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला व तेथे लॅटिन, ग्रीक आणि इब्री भाषांत पारंगत झाला.

त्या काळी वेल्श भाषेवर कठीण प्रसंग आला होता. १५३६ च्या कायद्याने न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. बहुतेक लोकांना इंग्रजी समजत नसे, तरी मंडळीत शास्त्रवाचन त्याच भाषेत होऊ लागले. पुढे १५६३ साली पार्लमेंटने शास्त्राचे वेल्श भाषांतर करण्याची आज्ञा दिली आणि १५६७ साली नवा करार प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतांश भाग विल्यम सेल्सबरी यांचा होता. ते थोर विद्वान होते. परंतु त्यांनी शब्दांची वर्णरचना लॅटिनच्या वळणावर नेल्यामुळे पाळकांना ती वाचताना अडखळावे लागे. जुना करार तर राहूनच गेला होता.

१५७८ साली मॉर्गन लानरायाडर या आडगावी पाळक म्हणून आले. तेथे शेजाऱ्यांशी तंटे झाले, खटले चालले. तरीही त्यांनी हातातले काम सोडले नाही. जुना करार त्यांनी मूळ इब्रीतून भाषांतरित केला. सेल्सबरींचा नवा करार टाकून न देता त्यांनी तो सुधारून घेतला. वेल्सच्या जुन्या कवींची भारदस्त भाषा त्यांनी आधाराला घेतली आणि ती सर्वांना वाचता येईल अशी लिहिली. छपाईसाठी ते सुमारे एक वर्ष लंडनला राहिले. अखेर १५८८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नाताळापूर्वी तो प्रत्येक मंडळीत पोहोचावा, असा राजसभेचा हुकूम निघाला. पुढे मॉर्गन लँडाफचे व नंतर सेंट असफचे बिशप झाले. १६०४ साली ते प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, आता पुन्हा त्या घराकडे वळू या. पुढील पिढ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे त्यात फेरबदल केले, भर घातली. १९५१ साली ते नॅशनल ट्रस्टकडे आले आणि ग्रंथाच्या चारशेव्या वर्षी, १९८८ साली, नंतरचे फेरबदल दूर करून त्याला जुने रूप देण्यात आले. मॉर्गन यांच्या ग्रंथावरही नंतरच्या हातांनी काम केले. बिशप रिचर्ड पॅरी व डॉ. जॉन डेव्हिस यांनी तो तपासून १६२० साली नव्याने प्रसिद्ध केला. त्यांनी पुष्कळ बदलले, पण पाया मॉर्गन यांचाच राहिला. शतकानुशतके वेल्श कुटुंबे त्याच शास्त्रातून वाचावयास शिकली. वेल्श भाषा आज जिवंत आहे त्याचे हे एक मोठे कारण होय.

भाषांतराचे काम करताना मला या माणसाची वारंवार आठवण होते. आधीच्या कामकऱ्याची चूक दिसली की सर्व पाडून नवे बांधावे, असा मोह होतो. मॉर्गन यांनी तो आवरला. आपणांपैकी अनेकजण इंदूर, बंगळूर, दिल्ली अशा शहरांत राहतात. घरात मराठी शास्त्र असते, पण मुलांना ते वाचता येत नाही. भाषांतरकार घर बांधून देऊ शकतो. त्यात राहावयाचे ते कुटुंबाने. आज संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी एक अध्याय आपल्या मुलाकडून मराठीत वाचून घ्याल काय? तो अडखळला तरी चालेल. प्रभू आपणांस साहाय्य करो.