विश्लेषण : शिक्षिका घडते कुठे, वर्गात की वस्तीत? ताराबाई मोडकांचा प्रयोग आजही महत्त्वाचा का?

बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्याला आता दोन वर्षांत किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षणाची सुरुवात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून धरते आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणावर भर देते. शिक्षक होणाऱ्याला पुस्तकी ज्ञानाबरोबर अनुभव हवा, याबाबत आज फारसे दुमत नाही. पण हा अनुभव नेमका कुठे घ्यायचा, आणि त्यातून शिकायचे काय? पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी ८० वर्षांपूर्वी डहाणू तालुक्यातील वस्त्यांमध्ये या प्रश्नांची उत्तरे शोधली. त्यांचे आयुष्य आणि त्यांचा प्रयोग समजून घेऊ.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींचे शालेय शिक्षणही दुर्मीळ असण्याच्या त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती आणि चरितार्थ स्वतःच चालवायचा होता.

त्यांनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेची प्रमुख होणे ही त्या काळच्या भारतीय स्त्रीसाठी मोठी गोष्ट होती. सुरक्षित नोकरी, मान, पगार असे सारे होते. पण १९२३ मध्ये ती नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. कारण होते गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर.

भावनगरमध्ये त्यांना काय सापडले?

नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये भावनगरला ‘दक्षिणामूर्ती’ संस्था सुरू केली होती. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे विचार वाचून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, शिक्षेचा धाक नाही. माँटेसरी साधनांना त्यांनी गोष्टी, गाणी, नाटके आणि देशी खेळांची जोड दिली.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने इथे महत्त्वाचे होते ते १९२५ मध्ये सुरू झालेले अध्यापन मंदिर. ते बालमंदिराला लागूनच होते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी आधी मुलांकडे पाहायला शिकायचे होते. मूल काय उचलते, कशात रमते, कधी कंटाळते, याकडे लक्ष द्यायचे होते. अध्यापनाचे सिद्धांत आधी आणि मुले नंतर, हा राजकोटसारख्या प्रशिक्षण संस्थांमधला नेहमीचा क्रम इथे उलटा झाला होता. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. या संघाचे काम पुढे ताराबाईंनी आयुष्यभर केले. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत आणि नंतर मराठीतही निघाले. त्यातून पालकांपर्यंत हे विचार पोहोचले.

दादर सोडून बोर्डीला का गेल्या?

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. बालमंदिर आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण अशी दोन्ही कामे तिथे चालत. शहरातील मध्यमवर्गीय पालकांनी त्याचे स्वागत केले. पण एक अडचण त्यांच्या लक्षात येत होती. माँटेसरीची साधने महाग, शाळेला जागा हवी, फी देणारे पालक हवेत. म्हणजे ही पद्धत जिथे पैसा आहे तिथेच टिकणार. देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यात होती.

याच सुमारास महात्मा गांधींच्या नई तालीमचा विस्तार होत होता. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेली बुनियादी शिक्षणाची योजना सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४५ पर्यंत त्यात सात वर्षांखालील मुलांचा, म्हणजे पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विचारही आला. खेड्यातल्या गरीब मुलासाठी बालशिक्षण कसे असेल, हे कुणीतरी करून दाखवायला हवे होते. १९४५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्याच वर्षी या पट्ट्यात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. आईबाप जमीनदाराच्या शेतावर किंवा जंगलात राबायला जात. घरी राहिलेली थोरली मुले धाकट्यांना सांभाळत, गुरे राखत. बालवाडी अशा भागात उभी राहणार होती.

मुले आलीच नाहीत, तेव्हा काय झाले?

गावातली बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिथे येईनात. वेळ त्यांच्या सोयीची नव्हती, अंतर होते, गावात वावरण्याचा संकोच होता आणि घरची कामे तर होतीच. मुलांना हाताला धरून आणले तरी ती टिकत नसत.

यावर दोन उत्तरे शक्य होती. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून थांबणे हे पहिले. त्या काळी ते सर्रास दिले जाई, आजही दिले जाते. ताराबाईंनी दुसरे निवडले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या दारी जायचे. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवू लागल्या. वेळ मुलांच्या सोयीने ठरे. अशा रीतीने गावातली मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतली अंगण बालवाडी असे दोन प्रकार तयार झाले. आज देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हे अंगण आहे.

साधनेही बदलली. विकतच्या ठोकळ्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने, फुले आली. मोजणे, रंग ओळखणे, लहान-मोठे लावणे हे सगळे त्यातून होऊ लागले. माँटेसरी पद्धतीचे तत्त्व कायम राहिले, तिचा खर्च मात्र जवळजवळ संपला.

शिक्षिकांचे प्रशिक्षण वेगळे कसे होते?

बोर्डीत बालवाड्यांबरोबरच बालवाडी शिक्षिकांचे प्रशिक्षणही चालू होते. सरावासाठी एखादी नमुना शाळा निवडायची, तिथे ठरावीक पाठ घ्यायचे आणि निरीक्षकाकडून गुण मिळवायचे, अशी तेव्हाच्या ट्रेनिंग कॉलेजांची रीत होती. बोर्डीत प्रशिक्षणाची जागा म्हणजे रोज चालणारी बालवाडी आणि तिच्याभोवतीची वस्ती.

शिक्षिकेचा दिवस धड्याने सुरू होत नसे. घरोघरी जाऊन मुले गोळा करणे, त्यांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खाऊ देणे हा दिनक्रमाचा भाग होता. वरवर पाहता ही समाजसेवा. ताराबाईंच्या दृष्टीने मात्र तो प्रशिक्षणाचा गाभा होता. मुलाला आंघोळ घालताना त्याच्या अंगावरची खरूज दिसते. घरी गेल्यावर चुलीवर काय शिजते ते कळते. मूल सकाळी पेंगते ते आळसाने की उपाशीपोटी, याचे उत्तर वर्गात बसून मिळत नाही. त्याची बोली कानावर पडली, की कोणत्या शब्दांपासून सुरुवात करायची ते ठरवता येते. सेवा करता करता शिक्षिकेला मूल कळे, आणि मूल कळल्यावर काय शिकवायचे ते सुचे.

अध्यापनशास्त्रात आज ‘सेवेतून शिक्षण’ म्हणून जी कल्पना मांडली जाते, तिची खरी कसोटी इथेच आहे. भावी शिक्षक वस्तीत जाऊन काहीतरी देऊन आला, तर ते दान झाले. तिथून काही शिकून त्याने आपली शिकवण्याची पद्धत बदलली, तर ते प्रशिक्षण झाले.

कोसबाडला काय घडले?

१९५७ मध्ये केंद्राचे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी हलले. तिथे नवी अडचण समोर आली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे. तिला शाळेत यायचे तर तान्ह्याचे काय? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात. या रचनेला ‘विकासवाडी’ नाव मिळाले.

गुराखी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे सोडून मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणावर गेले. गुरे चरत असताना झाडाखाली मुले शिकत. पाने, किडे, दगड, पाऊस हे विषय समोरच असत. बदल करताना ताराबाईंनी दरवेळी एकच रीत पाळली. मुलाच्या जगण्यातली अडचण आधी समजून घ्यायची आणि मग शाळा तिच्याभोवती बेतायची. कोसबाडला शिकणाऱ्या शिक्षिकांनाही हीच रीत रोज डोळ्यांसमोर दिसत होती.

या पद्धतीने शिक्षक खरेच घडले का?

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अनुताई वाघ. १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. शहरातल्या शाळेचा भरपूर अनुभव गाठीशी होता. १९४५ मध्ये त्या ताराबाईंसोबत बोर्डीला आल्या आणि नव्याने शिकू लागल्या. शहरात यशस्वी ठरलेली पद्धत पाड्यावर चालत नव्हती. काय चालते, हे त्या प्रत्यक्ष काम करून शिकल्या.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडची जबाबदारी अनुताईंनी पेलली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्या कार्यरत राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनात हा काळ नोंदलेला आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. पण एक शिक्षिका मागे उभी राहिली आणि काम थांबले नाही, हे त्यांच्या पद्धतीचे अधिक मोठे प्रमाणपत्र म्हणावे लागेल.

प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

हे काम मूठभर स्त्रियांच्या आयुष्यभराच्या त्यागावर उभे होते. अशी माणसे हजारोंच्या संख्येने मिळत नाहीत, आणि मिळावीत अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही. दुसरे असे, की पाड्यावरच्या मुलाची अडचण केवळ शाळेच्या वेळेची नव्हती. जमीन, मजुरी आणि भूक हे प्रश्न बालवाडीच्या आवाक्याबाहेरचे होते. अंगणातली शाळा मुलाला अक्षरापर्यंत नेऊ शकत होती, त्याच्या आईबापाला वाजवी मजुरी मिळवून देऊ शकत नव्हती.

देशाने त्यातून काय घेतले आणि काय सोडले?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवा अंगणवाडीतून देण्याचे ठरले. मुलाचे पोट, शरीर आणि शिक्षण वेगळे करता येत नाही, हा कोसबाडचा धडा या रचनेत दिसतो.

मात्र योजना देशभर पसरताना अंगणवाडीत आहारवाटप आणि नोंदवह्यांचे काम वाढत गेले, शिकवणे मागे पडले. नावात अंगण राहिले. शिक्षिकेला त्या अंगणात उभे राहून शिकवणारे, तिच्यासोबत बसून चुका दाखवणारे दीर्घ प्रशिक्षण तितक्या प्रमाणात सोबत आले नाही. सेविकेच्या कामाला ‘सेवा’ म्हटले गेले आणि पगाराऐवजी मानधन दिले गेले. ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते एप्रिल २०२२ मध्ये.

आता प्रश्न कोणता?

नव्या धोरणानुसार बारावी उत्तीर्ण सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका सुचवण्यात आली आहे. दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोनचा वापर करून हे प्रशिक्षण देता येईल आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग होईल, असे धोरण सांगते. यात सोय नक्कीच आहे. सेविकेला काम सोडून दूर जावे लागणार नाही. ती रोज मुलांमध्येच असल्याने अनुभवाचीही वानवा नाही.

पण नुसता अनुभव शिकवत नाही. मूल का आले नाही, का रडले, का गप्प बसले, यावर जाणत्या सहकाऱ्याबरोबर बोलून उद्याची पद्धत बदलता आली तरच त्याचे शिक्षण होते. बी.एड.च्या २० आठवड्यांनाही हीच कसोटी लागू आहे. हजेरीची वही भरली की इंटर्नशिप संपली, असे झाले तर भावी शिक्षक मुलांना भेटूनही त्यांना न ओळखताच बाहेर पडेल. तसे होऊ द्यायचे नसेल, तर वेळ, मार्गदर्शक आणि रास्त मोबदला या तिन्हींवर खर्च करावा लागेल. ताराबाईंनी हा खर्च स्वतःच्या आयुष्यातून केला. आज तो कुणी करायचा, हे शासनाला ठरवायचे आहे.