ट्यूबलाइटच्या करंटला लगाम घालणाऱ्या माणसाचा दिवा घरोघरी पोहोचलाच नाही

विनोद उशिरा कळणाऱ्या मित्राला आपण ट्यूबलाइट म्हणतो. जुन्या पट्टीतली ट्यूब लुकलुकत पेटायची, तेव्हा आत चोक आणि स्टार्टरची धडपड चालू असायची. ही धडपड कशासाठी, हे समजून घ्यायचं तर पीटर कूपर हेविट या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी.

जन्म १८६१ चा, न्यूयॉर्कचा. आजोबा पीटर कूपर म्हणजे बडे उद्योगपती. वडील अब्राम हेविट १८८७-८८ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर. पोराने आयुष्यभर बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण गड्याला नाद लागला काचेच्या नळ्यांचा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या टॉवरमध्ये त्याने आपली प्रयोगशाळा थाटली.

नळीत होती पाऱ्याची वाफ. तिच्यातून वीज सोडली की उजेड पडायचा, पण ती वीज आवरायची कशी?

साध्या तारेत व्होल्टेज वाढवलं की त्या प्रमाणात करंट वाढतो. वायूचं गणित वेगळं. आधी तो वीज जाऊच देत नाही. मग अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागले की वाट मोकळी होते. करंट वाढला की वाट आणखी मोकळी, आणि वाट मोकळी झाली की करंट आणखी जास्त. वेळीच आवरलं नाही तर नळी तरी जाणार, नाहीतर फ्यूज तरी.

हेविटने नळीच्या जोडीला तारेची कॉइल आणि रेझिस्टन्स लावून करंटला लगाम घातला. आपल्या पट्टीतला चोक हेच काम करतो. दिवा पेटवायला त्याच्याकडे स्टार्टर नव्हता. नळी तिरकी करायची, आतला पारा वाहत जाऊन दोन टोकं जोडायचा आणि सरळ केली की झगझगाट!

१९०१ मध्ये पेटंट मिळालं. १९०२ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या पाठबळावर कंपनी उभी राहिली. बल्बपेक्षा कमी विजेत जास्त उजेड मिळत होता. कारखाने आणि फोटो स्टुडिओंनी हे दिवे लावलेही.

पण घरात? उजेड निळा-हिरवा, त्यात लाल रंग जवळजवळ नाहीच. माणसांचे ओठ काळेनिळे दिसायचे, चेहरे मुडद्यासारखे. लाल छटा आणायला हेविटने रोडामाइन नावाचा रंग वापरून पाहिला, तरी घरात शोभेल असा दिवा काही जमला नाही.

१९१९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कंपनी विकत घेतली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये हेविट गेला.

१९३८ मध्ये याच जनरल इलेक्ट्रिकने फ्लुओरेसंट ट्यूब बाजारात आणली. आत तीच पाऱ्याची वाफ. नवीन होता तो काचेला आतून दिलेला फॉस्फरचा पांढरा थर. वाफेतून निघणाऱ्या अदृश्य अल्ट्राव्हायोलेट किरणांचा तो डोळ्यांना बरा वाटणारा उजेड करतो.

ज्या रंगापायी हेविटचा दिवा उंबऱ्याबाहेर राहिला, तो प्रश्न त्याच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी सुटला. एलईडी आली तशी ट्यूब निघाली. पण माळ्यावर जुनी पट्टी पडली असेल तर तिच्यातला जड चोक हातात घेऊन बघा. बेभान होणाऱ्या करंटला आवरायचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं आहे.