डॉ. झाकीर हुसेन

डॉ. झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. पुढे ते अलीगढला शिकले. इ.स. १९२० मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला.

जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन ते १९२६ साली परतले. तेव्हा जामियाजवळ पैसा नव्हता. संस्था बंद पडण्याची भीती होती. १९२८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली, की वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. संस्था वाचली.

जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांचे दुकान होते, मुलांची बँकही होती. ही कामे मुलेच चालवीत. दुकानात बेरीज चुकली की पैसे कमी भरतात. म्हणून गणित मनापासून शिकावे लागते. काम वाटून घेतले, की एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. हा मान शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला मिळाला!

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. मुलांना हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे, असे या समितीने सुचवले.

१९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. जामियाच्या आवारातच त्यांची कबर आहे. मुलांवर जबाबदारी सोपवली, की मुले जबाबदार होतात, हे त्यांच्या कार्यातून दिसते.